पाचव्या मजल्यावरून आबांचा शोध

मार्सेय,
३० एप्रिल २०२५

चि. धम्मशीला हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचलो. पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, यापुढे खरं लिहितो.

तुझी अट पाळतोय, फोन करणार नाही. माझा फोन आला की आई जेवत नाही, असं तू म्हणालीस. आणि ह्या हॉटेलात तसाही फोन करता येत नाही. मघाशी एअरलाइनला फोन लावला होता, तर पलीकडच्या माणसाने भिंतीवर अशी थाप मारली की माझी उशी हलली. म्हणून मेल. पण मेल असली तरी मायना घालून, तारीख घालून, पत्रासारखी लिहिणार. तुझ्या लेकीसारखं ‘हाय मामा’ करून तीन ओळींत आटपणं मला जमणार नाही.

तर हॉटेल. तनिषाने शोधलं आणि तू होकार दिलास, त्यामुळे तक्रार तुम्हा दोघींविरुद्ध आहे. हॉटेलच्या नावाचा अर्थ ‘समुद्रदर्शन’ असा होतो म्हणे. खोली पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद. लिफ्टच्या दारावरचा कागद इतका पिवळा पडलाय की तो लावणारा माणूस एव्हाना पेन्शनीत निघाला असेल. समुद्र कुठे आहे असं मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. झोहरा त्यांचं नाव, पन्नाशीच्या आहेत, चष्म्यावरून बघतात. खिडकीतून दिसतो म्हणाल्या. मग मी एक पाय पलंगावर आणि एक रेडिएटरवर ठेवला, मान बाहेर काढली, तेव्हा दोन धुराड्यांच्या मध्ये हातरुमालाएवढं निळं काहीतरी दिसलं. त्याच्यापुढेही क्रेन उभी होती.

खोलीत एक कपाट आहे. मी त्यात कोट टांगला. ते कपाट नव्हतं, शॉवर होता. कोट अजून वाळतोय. आणि खोलीत केटल नाही. माणसाने थंड पाणी पिऊन सत्तरी गाठावी अशी अपेक्षा दिसते.

असो. चौदा एप्रिलचा लेस्टरचा कार्यक्रम उरकून, मंडळाच्या खुर्च्या परत देऊन मी आलो तो हॉटेल बघायला नाही. उद्या सकाळीच कबरस्तानाच्या ऑफिसात जातो. आबा गेल्याला एकोणसाठ वर्षं होतील. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, तू सहा. त्यांच्या बोटीवरचा तो खलाशी चाळीत येऊन सांगून गेला की कडूबा थंडीत मार्सेयच्या दवाखान्यात गेला, तिथेच त्याला पुरलं आणि बोट पुढे निघाली. एवढाच पत्ता आपल्याकडे. आबांच्या मातीवर एकदा हात टेकवायचा आणि आई आहे तोवर तिला येऊन सांगायचं, मला आणखी काही नको. परतीचं विमान पुढच्या शुक्रवारी, नऊ तारखेला आहे.

आईने निघताना दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे शाबूत आहेत. स्टीलच्या डब्यावरून ब्रिस्टल विमानतळावर माझी बॅग दोनदा उघडली गेली.

लोभ आहेच, तो हॉटेल शोधताना थोडा जास्त दाखवला असता तर बरं झालं असतं.

तुझा,
राजेंद्रदादा

·

कार्डिफ,
१ मे २०२५

तीर्थरूप दादास,
धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचताना तू कुठे उभा असशील ते मला दिसत होतं. बंद दारासमोर. दादा, आज एक मे आहे. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये युनियनची पावती फाडलीस, दर वर्षी झेंडा धरून मिरवलास, आणि कामगार दिनाला फ्रान्समधलं सरकारी ऑफिस उघडं असेल असं तुला वाटलं? मला दोष देऊ नकोस. ह्या तारखा तूच निवडल्यास, कारण तिकीट स्वस्त होतं. स्वस्त का होतं ते आता कळलं असेल.

हॉटेलबद्दल मला वाईट वाटलं. तरी मी तनिषाला म्हटलं होतं की मामाला आधी केटल दाखव आणि मग खोली दाखव.

आता आईचं. ती एकदाही विचारत नाही. सापडलं का, पोचला का, जेवला का, काहीच नाही. तू निघालास त्या दिवशी ती तुला म्हणाली ना, की कशाला जातोस, तिथं काही सापडायचं नाही. मला वाटलं वयामुळे बोलली. पण तेच बोलणाऱ्या बाईने आदल्या दिवशी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी उभं राहून तुझ्यासाठी धपाटे थापले, हे मला जुळवता येत नाही. परवापासून तिने एकच पातळ चार वेळा घडी करून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, घडी नीट बसत नाही. फोन नसूनही काल अर्धीच भाकरी खाल्ली. मी चाळीस वर्षं बाळंतपणं केली, बाई काहीतरी दाबून ठेवतेय हे मला तिच्या श्वासावरून कळतं. पण ही आपली आई आहे, तिच्यापुढे माझं शिक्षण चालत नाही.

डायबेटिसच्या गोळ्या वेळेवर घे. क्रोसाँ हा नाश्ता नाही.

माया असू दे आणि राग थोडा घरी आणायलाही शिल्लक ठेव.

तुझी,
धमा

ता. क. खाली तनिषाने स्वतः लिहिलंय. मी दुरुस्त करणार होते, पण ती नको म्हणाली.

मामा, जयभीम. हॉटेल मी शोधली. रिव्ह्यूज खूप चांगला होता. एक बाई लिहिला होता की ह्या हॉटेलला कॅरेक्टर आहे. मला वाटला कॅरेक्टर म्हणजे छान. सॉरी. मी त्यांना लिफ्टसाठी कडक ईमेल पाठवली आहे. आबाआजोबा नक्की सापडणार. तुमचा तनिषा.

·

मार्सेय,
३ मे २०२५

चि. धम्मशीला हिस,
अनेक आशीर्वाद, सप्रेम जयभीम. वि. वि.

एक मेबद्दल बोलू नकोस. मी दारापर्यंत गेलो, दारावरचा कागद वाचला आणि परत आलो. तो विषय संपला.

काल शुक्रवारी पुन्हा गेलो. पुन्हा बंद. झोहराबाईंनी समजावलं की इथे सुटी गुरुवारी आली की लोक मधला शुक्रवारही सुटीत धरतात आणि त्याला ‘पूल’ म्हणतात. गुरुवारपासून रविवारपर्यंत पूल बांधायचा आणि त्यावरून सगळ्या गावाने निघून जायचं. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या की मी आल्यापासून फक्त बोलतोय, विचारलं काहीच नाही.

केटलचं आता तुला कळणारच, कारण तनिषाच्या ईमेलला उत्तर देताना त्यांनी ते तिला कळवलं असेल. मी माझी प्रवासातली केटल बॅगेतून काढली आणि भिंतीत लावली. एवढंच केलं. त्यावर सगळा पाचवा मजला अंधारात गेला. शेजारचा थापवाला त्या वेळी त्याच्या कपाटात, म्हणजे शॉवरमध्ये होता. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि फ्रेंचमध्ये जे बोलला त्याला भाषांतराची गरज नव्हती. झोहराबाई पाच मजले चढून वर आल्या, केटल हातात घेतली आणि शाळेत जप्त केलेल्या गोट्यांसारखी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

मग मी तक्रारींची यादी करून दिली. नीट, नंबर घालून, एक ते चौदा. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि बावीस वर्षांत अशी सुवाच्य तक्रार पहिल्यांदाच बघितली म्हणाल्या. मालकाला दाखवा म्हटलं, तर मालक पुलावर होता. आता सकाळी पाणी मागायला मला पाच मजले उतरावं लागतं. त्या कोमट पाण्याचा कप देतात आणि पिशवी त्याच्या शेजारी कोरडीच ठेवतात, चहाला तिची नुसती ओळख करून दिल्यासारखी.

आज दुपारी बंदरावर जाऊन बसलो. तिथे आता सगळ्या श्रीमंतांच्या बोटी आहेत, मालाच्या बोटी पलीकडे लांब लागतात. आबा ह्या धक्क्यावर चालत उतरले की त्यांना उचलून उतरवलं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. खिशात त्यांचा तो एकच फोटो आहे. तो काढून त्यांना बंदर दाखवलं. कुणी बघत नव्हतं.

सोमवारी जातो. आईला सांभाळ, आणि तनिषाला सांग की कॅरेक्टर भरपूर आहे, लिफ्ट नाही.

तुमच्या सगळ्यांच्या मायेचा भुकेला, आणि चहाचाही,
दादा

·

कार्डिफ,
४ मे २०२५

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

चौदा कलमांची यादी? दादा, ती बाई एकटी एवढं हॉटेल चालवतेय. तू लॅबमध्ये होतास तेव्हा पेशंटने अशी यादी दिली असती तर तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. जाऊन माफी माग आणि नाश्त्याला बसशील तेव्हा स्वतःची बशी स्वतः उचल.

आज मी आईला सरळ विचारलं. आबा गेले तेव्हा कंपनीकडून काही कागद आला होता का? तार, पत्र, काहीही? ती म्हणाली, नव्हता आला. लगेच म्हणाली, एवढ्या तेवढ्याला कागद पाठवायला कंपनी काय सासर होती का. आणि उठून बाथरूममध्ये गेली, ती अर्धा तास बाहेर आली नाही. आत नळ चालू होता.

तुझ्या लक्षात आलंय का, आपल्या घरात आबांबद्दल कधी कुणी बोललंच नाही? मला त्यांचं नावसुद्धा तुझ्या शाळेच्या दाखल्यावरून कळलं. आई ‘राजेंद्रचे आबा’ म्हणायची, त्यापलीकडे नाही. बावीस प्रतिज्ञा तिने अक्षरशः पाळल्या, उपास सोडले, देव बाहेर काढले, पण नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही तेविसावी तिने स्वतःच स्वतःला घातली. मी कितीदा वाद घातला तिच्याशी. ती म्हणायची, तू घे तुझ्या नवऱ्याचं, मी कुठं अडवते.

मला तिचा राग येतो दादा. सरळ लिहिते. तू सत्तरीला टेकलास, गुडघे दुखतात आणि परक्या गावात जिने चढतोस. आणि जिला सर्वांत जास्त माहीत असेल ती घड्या घालत बसलीय.

सोमवारी काय होतं ते लगेच कळव. इथे बँक हॉलिडे आहे, मी घरीच आहे.

वाट बघणारी,
धमा

·

मार्सेय,
५ मे २०२५

चि. धम्मशीला हिस,
अनेक आशीर्वाद. जयभीम. वि. वि.

ऑफिस उघडलं होतं. एक म्हातारा कारकून, निवृत्तीला आलेला, माणूस वाईट नाही. थोडं इंग्लिश त्याला येतं, थोडं मोबाईलला येतं. त्याने पासष्ट, सहासष्ट आणि सदुसष्ट अशी तीन सालं पाहिली. सगळी नोंद आडनावावर लावलेली आहे, आडनावाशिवाय शोधताच येत नाही. दाभाडीकर नाही. त्याने दवाखान्यातून आलेल्यांची वेगळी वही आणली, तीही बघितली. दोन तास झाल्यावर त्याने चष्मा काढला आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की दाभाडीकर नावाचा माणूस ह्या गावात कधी मेलेलाच नाही.

मी ओरडलो. कारण नसताना ओरडलो, त्या बिचाऱ्याने वह्या उचलून आणल्या होत्या. मी म्हटलं, माझा बाप म्हणजे बसमध्ये विसरलेली छत्री नाही. त्याला कळलं नाही ते बरं झालं.

परत आलो तर जिना चढायची ताकद नव्हती. काउंटरसमोरच्या खुर्चीत बसलो. झोहराबाईंनी काही न विचारता ड्रॉवरमधून माझी केटल काढली, मागच्या खोलीत नेली आणि उकळता चहा आणून दिला. पिशवी आत होती. मग सगळं सांगितलं. मी सहा दिवस ह्या बाईशी भांडतोय, आणि मी इथे कशासाठी आलोय ते तिला आज कळलं.

त्या म्हणाल्या की त्यांचे आजोबा समुद्रापलीकडून, अल्जेरियातून, ह्याच गोदीत हमालीला आले होते. आजोबांची कागदपत्रं शोधताना त्यांच्या आईलाही असंच रिकाम्या हाताने यावं लागलं. शेवटी ते सापडले, पण घरातल्या नावाने नाही, तर पहिल्या दिवशी कुणा साहेबाने वहीत जे लिहून टाकलं त्या नावाने. त्यांनी मला विचारलं, तुझ्या वडिलांच्या खलाशाच्या पुस्तकात, म्हणजे बोटीवरच्या ओळखपत्रात, काय लिहिलं होतं?

मी म्हटलं, दाभाडीकर, दुसरं काय असणार. असं बोलून गेलो आणि थबकलो. आपण दाभाडीकर कधी झालो गं? मला शाळेत घातलं तेव्हा, एकसष्ट साली, मास्तरांसमोर आबांनी गावाचं नाव सांगितलं, तेव्हा. मी तिथे उभा होतो, मला आठवतं. आबा तर माझ्या जन्माआधीपासून बोटीवर होते.

आईला विचार. रागाने विचारू नकोस. माझ्याकडे मंगळवार आणि बुधवार आहे, गुरुवारी आठ तारखेला ह्यांची पुन्हा सुटी. शुक्रवारी मी जातोय.

तुझा,
दादा

·

कार्डिफ,
६ मे २०२५

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

सकाळी आईचे केस विंचरताना तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तू कारकुनावर ओरडलास इथपर्यंत ती ऐकत होती. तुला जिना चढवेना हे ऐकलं आणि तिने माझ्या हातातून फणी काढून घेतली.

तिने सांगितलं ते असं. बोटीचं पुस्तक बावन्न सालचं, दीक्षेच्या चार वर्षं आधीचं. ते करताना साहेबाने आडनाव विचारलं. आबांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आडनाव असं काही नव्हतंच. मग त्याने जात विचारली आणि आडनावाच्या जागी तीच लिहून टाकली. दीक्षा घेतल्यावर आबा ते बदलायला गेले होते, दोनदा. नवं पुस्तक म्हणजे नवा नंबर आणि रांगेत सर्वांत शेवटी, असं उत्तर मिळालं. पदरात तू होतास. म्हणून घरात दाभाडीकर आणि बोटीवर ते, असं त्यांनी शेवटपर्यंत चालवलं.

आणि दादा, कागद आला होता. कंपनीचं लांब पाकीट होतं, त्यावर ते नाव होतं. आईला वाचता येत नव्हतं म्हणून शेजारच्या जाधवांच्या थोरल्याला वाचायला दिलं. त्याने चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांसमोर, ते नाव मोठ्याने वाचलं. दहा वर्षं ज्या शब्दावर थुंकलो तो शब्द माझ्या दारात माणसाच्या मरणाबरोबर आला, असं ती म्हणाली. तिने पुढचं ऐकलंच नाही. पत्र ओढून घेतलं आणि चुलीत घातलं. आत दवाखान्याचं नाव होतं, कबरीचा नंबर होता, हे तिला वाचणाऱ्याने तिसऱ्या दिवशी सांगितलं, पण नाव-नंबर त्यालाही आठवत नव्हते. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. तिने कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही.

मग ती मला म्हणाली, “मीच त्यांचा पत्ता जाळला.”

मी फक्त फणी परत घेतली आणि वेणी पुरी केली. चार तारखेला तुला लिहिलेलं, तिचा राग येतो ते, मी मागे घेते. तुला राग आला तर मला समजेल. तीच म्हणाली, त्याला रागवायचं असेल तर इथं समोर येऊन रागवू दे, कागदावर नको.

ते नाव मी ह्या पत्रात लिहीत नाही. तुला माहीत आहे. आयुष्यभर कुठल्याही फॉर्मवर तो शब्द दिसला की मी भांडलेय. उद्या तुला तोच शब्द त्या कारकुनाला एकेक अक्षर सुटं करून सांगावा लागेल. मी तिथे असते तर मी सांगितला असता. आबांनी चौदा वर्षं तो खिशात घेऊन समुद्रावर काम केलं, आपल्याला एक सकाळ जमेल.

तुझीच,
धमा

·

मार्सेय,
७ मे २०२५

चि. धम्मशीला हिस,
अनेक आशीर्वाद, सप्रेम जयभीम. वि. वि.

आबा सापडले.

चार मिनिटं लागली. कारकुनाला मी तो शब्द कागदावर लिहून दिला, तोंडाने नाही सांगितला. तेवढी पळवाट मी घेतली. त्याने वही उघडली आणि बोट ठेवलं. नाव कडूबा भिवा, पुढे ते. वय अडतीस. बोटीवरचा कामगार. गाव मुंबई. न्यूमोनिया. १९ नोव्हेंबर १९६६. ओळीच्या शेवटी कबरीचा नंबर. मी सोमवारी ह्याच वहीवर कोपर टेकून ओरडत होतो.

कबर मात्र नाही. बेवारस माणसाची जागा इथे काही वर्षांनी दुसऱ्याला देतात. त्र्याहत्तर साली आबांच्या अस्थी काढून सगळ्यांबरोबर एका मोठ्या तळघरात ठेवल्या, तीही नोंद आहे. कारकून स्वतः माझ्याबरोबर चालत आला. वर एक लांब दगडी भिंत आहे, समोर झाडं. माती नव्हती म्हणून भिंतीवर हात टेकवला. त्रिसरण म्हटलं, हळू म्हणायचं ठरवलं होतं पण आवाज मोठा निघाला. तो म्हातारा टोपी काढून उभा राहिला. मी रडलो, लिहायला लाज वाटत नाही.

आता आईचं. मी रागावलो नाही असं तिला सांगू नकोस, तिला खोटं कळतं. काल तुझं पत्र वाचून मी फार रागावलो होतो. आयुष्यातली साठ वर्षं बिनपत्त्याच्या बापाचा मुलगा म्हणून काढली आणि पत्ता घरात आला होता. खोलीत बसवेना म्हणून पाच मजले उतरलो, बंदरापर्यंत गेलो, परत आलो, पाच मजले चढलो. वर पोचलो तेव्हा राग उरला नव्हता. दोन मुलं आणि ते पाकीट घेऊन गॅलरीत उभी असलेली बाई एवढीच डोळ्यांसमोर होती. एकोणतीस म्हणजे आपल्या तनिषापेक्षा लहान. हे तिला सांग.

आता तातडीचं. त्या भिंतीवर घरची माणसं छोटी पाटी लावू शकतात. दोन ओळी मिळतात. कारकून म्हणाला की वहीतलं नाव मला बदलता येत नाही, पण पाटीवर तुम्ही तुमचं लिहा. फॉर्म घेऊन मी तासभर बाकावर बसलो आणि लिहिता आलं नाही. दाभाडीकर लिहू, तर त्या नावाने आबांना बोटीवर कुणी कधी हाक मारली नाही. दुसरं तर मी दगडात कोरू देणार नाही. आईला विचार. उद्या सुटी आहे, परवा पहाटे मी निघतो, पण झोहराबाई हा पूल संपल्यावर सोमवारी स्वतः जाऊन फॉर्म देणार आहेत. त्यांना मी चौदा कलमांची यादी परत मागितली. त्यांनी दिली नाही, आठवण म्हणून ठेवणार आहेत.

लिफ्ट आज चालू झाली. तनिषाच्या ईमेलने नव्हे, मालक पुलावरून परत आला म्हणून. मी मात्र जिन्यानेच आलो, सवय झाली.

उत्तराची वाट पाहणारा,
दादा

·

कार्डिफ,
८ मे २०२५

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा, कारकुनाने टोपी काढली तिथे थांबवून तिने मला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग जेवली, पूर्ण भाकरी आणि वरून भात. तनिषा जवळ बसली होती. तिने आजीला विचारलं की आजोबा दिसायला कसे होते, आणि आई अर्धा तास बोलत होती. ते उंच होते, शीळ घालायचे, त्यांना पोहता येत नव्हतं. बोटीवरचा माणूस आणि पोहता येत नव्हतं. चौसष्ट वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

पाटीचं तिने स्वतः सांगितलंय. मी टाइप केलं, एक शब्द बदललेला नाही. त्यातला तो पहिला शब्द तिने मोठ्याने उच्चारला तेव्हा मी आणि तनिषा एकमेकींकडे बघत राहिलो, कारण तिच्या तोंडून तो आम्ही कधी ऐकला नव्हता. तिने मात्र आमच्याकडे लक्ष दिलं नाही, टाइप कर म्हणाली.

तुझी,
धमा

चि. राजेंद्रास आईचा आशीर्वाद, जयभीम.

भिंतीवर कडूबा लिव्ह. पुढं बापाचं नको, गावाचं नको, त्या सायबानं लिहिलेलं तर नकोच. दुसऱ्या वळीत लिव्ह, द्रौपदीचा. बायांच्या नावामागं जन्मभर नवऱ्याचं नाव असतंय, त्यांच्या नावामागं येकदा माझं असू दे. कुनी इचारलं तर सांग, बायकोनं सांगितलंय. त्यांचा पत्ता म्या जाळला व्हता, आता म्याच देते.

गुडघ्याला तेल लाव. त्या हाटेलातल्या बाईला माझा जयभीम सांग आनि उरलेली चटनी तिला देऊन ये. डबा मातुर परत आन.

तुझी आई,
द्रौपदी